बोट धरायचं, कडेवर घ्यायचं नाही

मुलांच्या राग-भीतीशी कसं वागायचं यावर आम्ही पालकांचे दहा आठवड्यांचे गट चालवतो. गटाच्या पहिल्या बैठकीत आम्ही काहीच शिकवत नाही. प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही देतो आणि दोन आठवडे फक्त लिहायला सांगतो. बहुतेकांचा विरस होतो. मूल रोज संध्याकाळी भोकाड पसरतंय, शाळेच्या वेळी पोटात दुखतंय म्हणतंय, हरलं की डाव उधळून देतंय, आणि हे लोक वही काय देतात! पण दहा आठवड्यांच्या या कामात ज्या घरांत वही नीट भरली जाते तिथे पुढचं बरंच सोपं जातं. जिथे ती कोरी राहते तिथे आम्ही सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत अंधारात चाचपडत असतो.

वहीत चार रकाने: केव्हा घडलं, त्याआधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, आणि त्यावर मोठ्यांनी काय केलं. तिसऱ्या रकान्यात हमखास चूक होते. ‘नाटक केलं’, ‘मुद्दाम छळलं’, ‘हट्टीपणा’ असं लिहून येतं. ही आपली मतं झाली. ‘दप्तर फेकलं, जमिनीवर लोळण घेतली, ४ मिनिटं किंचाळला’ असं हवं, म्हणजे कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. चौथा रकाना भरायची कुणालाच फारशी हौस नसते, कारण तिथे आपण स्वतः दिसतो. ‘आधी समजावलं, मग दटावलं, शेवटी मोबाइल दिला’ हे सलग पाच दिवस लिहून काढलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. मोबाइल मिळायला किती वेळ ओरडावं लागतं, हे मुलाला आपणच शिकवलेलं असतं.

दोन आठवड्यांची पानं एकत्र पाहिली की ठरावीक वेळा उठून दिसतात: जेवणाआधीचा तास, झोप अपुरी झालेला दिवस, आणि खेळ सोडून दुसऱ्या कामाला लागायची घडी. म्हणून आम्ही भावनांबद्दल बोलण्याआधी झोप मोजतो. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि त्यापुढे १८ वर्षांपर्यंत ८ ते १० तास झोप लागते. कमी पडत असेल तर झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणायची. एकदम तासभर आणली तर मूल अंथरुणात जागंच लोळतं आणि झोपण्यावरून रोज नवी झटापट सुरू होते. खेळ थांबवायचा असेल तर ‘अजून ५ मिनिटं’ हे लांबून ओरडून सांगू नये. जवळ जावं, खेळाकडे क्षणभर पाहावं आणि मग सांगावं. लहान मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती हे कळतही नाही. ‘अजून तीनदा घसरगुंडी, मग निघायचं’ हे कळतं.

तिसऱ्या आठवड्यात खेळ सुरू होतो. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत बांधली. तिचा पहिला भाग म्हणजे रोज पाच मिनिटं मुलाच्या मागे चालणं. खेळ मूल निवडतं आणि आपण तीनच गोष्टी करतो. ते करतंय ते शब्दांत सांगायचं (‘तू निळा ठोकळा वर ठेवलास’), ते बोललं ते परत म्हणायचं, आणि नेमकं काय आवडलं ते सांगून कौतुक करायचं (‘पडला तरी परत लावलास, छान’). पाच मिनिटांत या तिन्ही गोष्टी प्रत्येकी दहा वेळा व्हाव्यात, आणि प्रश्न, हुकूम, टीका सगळं मिळून तीनपेक्षा जास्त होऊ नये, हे त्या पद्धतीतलं मोजमाप. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी पालकांच्या तोंडून प्रश्नच प्रश्न बाहेर पडतात: हा कुठला रंग? हे किती झाले? असं का केलंस? खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. सात-आठ दिवस सराव झाला की जीभ वळणावर येते.

या पाच मिनिटांचा आणखी एक नियम आम्ही फार आग्रहानं सांगतो. दिवस कितीही वाईट गेला तरी ती रद्द करायची नाहीत. ‘आज तू मारामारी केलीस, आज खेळ बंद’ असं एकदा झालं की ती बक्षिसाच्या खात्यात जातात आणि त्यांचा सगळा उपयोग संपतो. पुढे आपण मुलाला अवघड गोष्टी सोसायला सांगणार आहोत. त्याआधी, काहीही झालं तरी हे माणूस माझ्या बाजूचं आहे, ही खात्री त्याच्या अंगात मुरायला हवी. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग एमी वर्नर यांनी अनेक दशकं ठेवला. गरिबी, घरातलं आजारपण, भांडणं यांच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं मोठेपणी सावरलेली, कामाची आणि माणसं जपणारी निघाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली: लहानपणी निदान एक तरी माणूस त्यांच्यापाशी टिकून राहिलं होतं. ते आई-वडीलच असायचे असं नाही. कुणाची आजी होती, कुणाची मावशी, कुणाचे शिक्षक.

आता त्रागा. पालक सगळ्यात जास्त इथेच थकतात, म्हणून आम्ही यावर पूर्ण दोन बैठका घालवतो.

मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी दीड ते पाच वर्षांच्या मुलांच्या त्राग्यांचा बारकाईनं अभ्यास करून २००३ मध्ये तो मांडला. चारांतले तीन त्रागे पाच मिनिटांत किंवा त्याआधीच संपतात. त्यात राग आणि दुःख असे दोन प्रवाह असतात. राग, म्हणजे किंचाळणं, लाथा, फेकाफेक, चटकन चढतो आणि उतरू लागतो. रडणं, कुरकुरणं, बिलगायला येणं हे दुःख मात्र सबंध वेळ खाली वाहत असतं आणि राग ओसरला की वर येतं. हे एकदा डोळ्यांना दिसू लागलं की काय करायचं ते आपोआप ठरतं. राग चढत असताना बोलायचं नाही. समजावणं, प्रश्न, धमकी यांतला प्रत्येक शब्द तेव्हा सरपण होतो. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत नाही ना, एवढं पाहायचं, हात उगारला तर तो शांतपणे धरायचा, आणि आपण त्याच्या उंचीला, हातभर अंतरावर, खाली बसायचं. उभं राहून वरून पाहणारा मोठा माणूस धाक दाखवतो, भले तो गप्प असो. एकच वाक्य, एकदाच: ‘मी इथेच आहे.’

मग आवाज बदलतो. किंचाळण्याची धार जाऊन हुंदका येतो, खांदे खाली येतात, नजर आपल्याकडे वळते. जवळ घ्यायची वेळ ही. इथे बरेच पालक नेमकं उलटं करतात. किंचाळताना मनधरणी करतात, आणि मूल मऊ होऊन बिलगायला आलं की ‘आता का आलास माझ्याकडे?’ म्हणून लांब ढकलतात, कारण तोवर त्यांचा स्वतःचा संताप माथ्यावर पोचलेला असतो. मुलाला यातून कळतं की आरडाओरडा केला की माणसं जवळ येतात आणि रडलं की लांब जातात.

जवळ घेतल्यावर त्याच्या भावनेला नाव द्यायचं. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की भीती-रागाच्या वेळी चेतणाऱ्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. तो प्रयोग मोठ्या माणसांवरचा. मुलांच्या बाबतीत घराघरांतून आम्हाला जे दिसतं ते याच दिशेचं आहे, फक्त शब्द नेमका लागायला हवा. मराठीत याची ददात नाही, तरी आपण मुलांशी बोलताना ‘राग आला’ आणि ‘वाईट वाटलं’ या दोन शब्दांवर सगळं भागवतो. हिरमुसला, खट्टू झाला, वैतागला, भेदरला, धास्तावला, ओशाळला, रुसला, हेवा वाटला, बावरला: यांतला प्रत्येक शब्द वेगळं दुखणं सांगतो. मित्रानं दुसऱ्याला जोडीला घेतलं म्हणून घरी आल्यावर बूट भिरकावणाऱ्या मुलाला ‘तुला राग आलाय’ म्हटलं तर ते ‘नाही!’ म्हणून आणखी चिडतं. ‘तो तुला सोडून दुसऱ्याकडे गेला, तू हिरमुसलास का?’ म्हटलं की कधी कधी एकदम रडू फुटतं. ते फुटलं की समजावं, नाव बरोबर लागलं. चुकलं तरी बिघडत नाही, मूल आपण होऊन दुरुस्त करतं. मात्र ठासून सांगायचं नाही, विचारल्यासारखं म्हणायचं.

नाव देणं म्हणजे मागितलेली वस्तू देणं नव्हे. हा गोंधळ इतक्या घरांत होतो की तो सुटा करून सांगावा लागतो. भावना सगळ्या चालतात, वागणं सगळं चालत नाही. ‘तू फार चिडलास. चिडलास तरी मारायचं नाही.’ मर्यादेचं वाक्य छोटं ठेवायचं आणि तासाभरानं, पोटात अन्न आणि डोकं शांत असताना, पुढच्या वेळी हाताचं काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवायचं. उशी दाबायची, पळत अंगणाच्या टोकाला जाऊन यायचं, ‘थांब’ म्हणून ओरडायचं, काहीही चालेल. ठरलेलं दोन-तीनदा खेळातल्या खेळात करून पाहायला हवं. नुसतं बोलून ठेवलेलं ऐन रागात आठवत नाही.

आणखी एक सूचना आम्ही आधीच देऊन ठेवतो. जो त्रागा आजवर मोबाइल किंवा खाऊ देऊन थांबत होता, तो देणं बंद केलं की आधी वाढतो. अनेकदा आठवडाभर तो आधीपेक्षा लांब आणि मोठा असतो. ‘उपाय उलटला’ म्हणून पालक तिसऱ्या-चौथ्या दिवशी हार मानतात, आणि मग मूल शिकतं की चार मिनिटं पुरत नाहीत, वीस लागतात. सुरू करायचं असेल तर घरात पाहुणे, परीक्षा, प्रवास नसलेला आठवडा निवडावा. आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून सुरू करावं. एक जण ठाम आणि एक जण गुपचूप देणारा, अशी वाटणी असेल तर सुरू न केलेलं बरं.

भीतीचं काम याच्या पुढचं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं. घाबरणाऱ्या मुलाच्या वाटेतलं प्रत्येक भय आपण मायेनं उचलून बाजूला ठेवतो. अंधाराची भीती वाटते म्हणून त्याच्याशेजारी झोपतो, कुणाशी बोलायला लाजतं म्हणून त्याच्या वतीनं उत्तर देतो, शाळेच्या दारात रडतं म्हणून परत आणतो. त्या क्षणी सगळ्यांना हायसं वाटतं आणि भीती मात्र आहे तिथेच राहते, उलट तिची मुळं खोल जातात. एली लेबोविट्झ यांनी या मायेच्या सवलतींवरच उपचार बांधला. त्यात मुलाला भेटायचंच नाही, फक्त पालकांसोबत काम करायचं. ७ ते १४ वर्षांच्या १२४ मुलांच्या २०१९ च्या चाचणीत तो उपचार मुलांना थेट दिल्या जाणाऱ्या प्रस्थापित मानसोपचाराइतकाच उपयोगी ठरला.

त्यातलं सगळ्यात कामाचं म्हणजे एक दोन भागांचं वाक्य: ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि ती सोसायची ताकद तुझ्यात आहे.’ वाक्य पाठ करून घ्यावं लागतं, कारण तोंडात पटकन येतं ते ‘कळतंय मला, पण त्यात घाबरण्यासारखं काय आहे?’ ‘पण’ आला की आधीचा अर्धा भाग पुसला जातो. ‘आणि’ म्हणायचं.

सवलत एका वेळी एकच काढायची. समजा सहा वर्षांची मुलगी एकटी झोपत नाही. आधी तिच्याशी बोलून खात्री करायची की भीतीमागे खरं कारण नाही. कुणी त्रास देत असेल, कुणाचा नकोसा स्पर्श होत असेल, तर तिथे ही पद्धत नाहीच. तिथे मुलीला त्या माणसापासून ताबडतोब वाचवायचं असतं. तसं काही नसेल तर शिडी आखायची. दिवसाउजेडी खोलीत पाच मिनिटं एकटं खेळणं ही पहिली पायरी. मग दार लोटून तेच. मग रात्री मंद दिवा लावून, आई किंवा बाबा पलंगाला लागून खुर्चीवर. मग खुर्ची खोलीच्या मध्यावर, मग दारात, मग दाराबाहेर, आणि शेवटी नुसतं दर पाच मिनिटांनी डोकावणं, पुढे दहा मिनिटांनी. प्रत्येक पायरीवर मुलगी आपली भीती ० ते १० मध्ये सांगते. सलग दोन रात्री ३ किंवा त्याखाली आली की पुढची पायरी. एका पायरीला साधारण तीन-चार रात्री लागतात, एखादीला आठवडाही लागतो. पहिली पायरी १० पैकी ३-४ इतकीच अवघड असावी. उत्साहाच्या भरात ८ ची निवडली की मूल पहिल्याच रात्री हरतं आणि पुन्हा शिडीजवळ यायला तयार होत नाही.

शिडी अडते ती बहुतेक वेळा खुर्चीपाशी. खुर्चीवरचं माणूस बोलतं, थोपटतं, प्रश्नांना उत्तरं देतं. ‘काही होणार नाही ना?’ ला एकदा उत्तर द्यावं. दहाव्यांदा दिलं तर ते उत्तर राहत नाही, भीतीची मात्रा होते, जी घेतल्याशिवाय झोप लागत नाही. दुसऱ्या वेळेपासून एवढंच म्हणायचं: ‘याचं उत्तर तुला माहीत आहे.’ मुलगी उठून आली तर हात धरून परत न्यायचं, दिवा न लावता, नवीन वाक्य न बोलता. एका रात्रीत असं सात-आठ वेळा घडतं, याची तयारी ठेवूनच सुरुवात करावी. सकाळी कौतुक धाडसाचं करायचं, न घाबरण्याचं नव्हे: ‘भीती ६ होती तरी तू खोलीत राहिलीस.’

कौतुकाविषयी थोडक्यात. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं ऐकलेली मुलं पुढचं अवघड कोडं चुकल्यावर लवकर हटली, ‘मेहनत घेतलीस’ असं ऐकलेली अधिक चिकाटीनं लागून राहिली. नुसती मेहनत, मेहनत म्हणत राहणंही पोकळ होतं. मुलानं कुठली युक्ती बदलली ते सांगावं. आणि विसरलेली वही शाळेत पोचवायला धावण्याआधी स्वतःला विचारावं की न पोचवल्यानं कोणतं नुकसान होणार आहे. एक शेरा मिळणार असेल तर मिळू द्यावा.

पालक ओरडतात, कधी हातही उगारतात, आणि मग अपराधीपणानं दोन दिवस सगळे नियम सैल सोडतात. मुलाला ओरडण्याइतकीच ही सैल सोडलेली दोरीही गोंधळात टाकते. एड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळाच्या देवाणघेवाणीचं निरीक्षण केलं तेव्हा चांगल्या जोड्यासुद्धा साधारण ३० टक्के वेळच एकमेकांशी जुळलेल्या आढळल्या. उरलेल्या वेळात चुकामूक होते आणि परत जुळवून घेणं होतं. म्हणून आम्ही न ओरडण्याची शपथ घ्यायला सांगत नाही, माफी मागायची रीत शिकवतो. आपण काय केलं ते सांगायचं, मुलाला कसं वाटलं असेल ते सांगायचं, पुढच्या वेळी काय करणार ते सांगायचं. ‘मी मघाशी फार जोरात ओरडले. तू दचकलास. पुढच्या वेळी राग आला तर मी आधी बाहेर जाऊन पाणी पिऊन येईन.’ इथेच थांबायचं. ‘पण तूही ऐकत नव्हतास’ ही शेपूट जोडली की ती माफी राहत नाही. मुलानं लगेच मिठी मारावी ही अपेक्षाही नको.

काही गोष्टी या वहीत आणि शिडीत मावत नाहीत. दोन-तीन आठवडे शाळा पूर्ण सुटली आहे, वजन उतरतंय, जमलेलं बोलणं किंवा शी-शूची सवय मागे गेली आहे, आवडीच्या गोष्टींतही मन लागत नाही, स्वतःला इजा करण्याच्या खुणा किंवा बोलणं आहे, तर बालमानसतज्ज्ञ किंवा डॉक्टर गाठावेत, आणि शेवटची गोष्ट असेल तर त्याच दिवशी. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार मुलाच्या डोक्यात घातला जात नाही. विचारल्यानं त्याला बोलायला जागा मिळते. विचारावं, ऐकावं, एकटं सोडू नये, आणि औषधं, धारदार वस्तू हाताबाहेर ठेवाव्यात.

दहाव्या आठवड्यात पुन्हा वही उघडतो. त्राग्यांची संख्या शून्यावर आलेली नसते, तशी ती येतही नाही. बदल बहुधा दोन ठिकाणी दिसतो: मिनिटं कमी झालेली असतात आणि चौथा रकाना छोटा झालेला असतो. काही महिन्यांनी आजारपण, घर बदलणं, भावंडाचा जन्म असं काही घडलं की शिडी घसरते. मुलगी परत रात्री उठून येते आणि पालक घाबरून सगळं पहिल्यापासून सुरू करायला बघतात. तितकं खाली जायची गरज नसते. जिथवर पोचलो होतो तिथून एक-दोन पायऱ्याच खाली यायचं, खुर्ची परत दारात आणून ठेवायची, आणि तिला विचारायचं, ‘आज भीती किती?’